गाण्याच्या तासाला कुणी बाहेर नको

(संस्थेने भरविलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेतील संगीत या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने सुचविले. आम्ही संगीतविशारद नाही. पदवी कला शाखेची आणि नोकरी बँकेतील कारकुनाची. पेटी थोडीफार वाजवता येते आणि गेली काही वर्षे संस्थेच्या सभागृहात दर रविवारी सकाळी वस्तीतल्या मुलांचा गाण्याचा वर्ग आम्ही व आमचे दोन-तीन सहकारी चालवितो, एवढीच काय ती आमची पात्रता. या वर्गात पहिली ते पाचवीची मुले येतात. त्यांत गोड गळ्याची आहेत आणि तोंडच न उघडणारीही आहेत. एक मुलगा श्रवणयंत्र लावतो. एक मुलगी चाकाच्या खुर्चीत बसून येते. दोघातिघांची समज वयाच्या मानाने मागे आहे. एकाला मोठा आवाज मुळीच सोसत नाही. या सगळ्यांना एकाच खोलीत, एकाच तासाला गाणे कसे शिकवावे, एवढ्याच प्रश्नाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

मित्रहो, शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. गुरुजी किंवा बाई वर्गात येतात, एकेका मुलाला उभे करून एक ओळ म्हणायला लावतात आणि चाळीसांतून आठ जण निवडतात. स्वागतगीत त्या आठांचे. उरलेल्या बत्तिसांना सांगितले जाते की तुम्ही टाळ्या वाजवा. रांग भरायला माणसे कमी पडली तर एखाद्याला मागे उभे करून बजावतात, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला कार्यक्रम नीट व्हायला हवा असतो. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या कानावर ते वाक्य पडते आणि तिथेच राहते. या सभागृहात चाळिशी-पन्नाशीची पुष्कळ माणसे बसली आहेत. "आम्हाला काही गळा नाही" असे आपल्यापैकी कितीजण आजही सांगतात? हे आपल्याला कुणी सांगितले, आणि कोणत्या वयात सांगितले, याची प्रत्येकाने आठवण करून पाहावी.

मुलाला गणित येत नसले तर आपण त्याला गणिताच्या तासाला गप्प बसवीत नाही. उलट त्याला जास्त वेळ देतो, बोटे मोजायला सांगतो, मणी देतो. गाण्याच्या बाबतीत मात्र ज्याला येते त्यालाच शिकवितो आणि ज्याला येत नाही त्याला बाजूला करतो. म्हणजे शिकविणे जिथे सुरू व्हायला हवे तिथेच आपण ते थांबवितो.

याच्या मुळाशी एक समजूत आहे. गळा हा जन्माने मिळतो, तो असतो किंवा नसतो, अशी ती समजूत. ती पुरती खोटी नाही. कुणाचा आवाज गोड असतो, कुणाचा जाडाभरडा, हे खरेच. परंतु सुरात गाणे ही शिकण्याची गोष्ट आहे. ज्यांना स्वरांतला चढ-उतारच ओळखता येत नाही अशी माणसे जगात आहेत, पण फार थोडी. संशोधकांचा जुना अंदाज शंभरात चार असा होता. नंतरच्या मोजणीत तो आकडाही कमी निघाला. याचा अर्थ चाळीस मुलांच्या वर्गात असे मूल फार तर एखादे असेल. बाकी जी मुले बेसूर वाटतात, त्यांना अजून आपला आवाज हवा तिथे नेण्याची सवय झालेली नसते.

त्यातही पुष्कळदा अडचण मुलाची नसून पट्टीची असते. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत गातात. मुलांचा आवाज त्यांच्याहून एक सप्तक वर असतो. काही मुलांना हे अंतर आपोआप उमगते, पण काही मुले गुरुजींचाच खालचा स्वर गाठू पाहतात, घशात घरघरतात आणि 'बेसूर' ठरतात. अशा वेळी एखाद्या सुरेल मुलीला पुढे उभे करून तिच्यामागून म्हणायला लावावे. तीच मुले बरीच जवळ येतात, हा आमचा अनुभव आहे. दुसरे असे की सुरुवातीचे गाणे पाच-सहा स्वरांपलीकडे जाणारे नसावे. तिसरे, गाण्यापूर्वी हाक मारण्याचा खेळ घ्यावा. अंगणातून खेळगड्याला लांबवून हाक मारताना मुलांचा आवाज पंचमावरून गंधारावर उतरतो तसा उतरतो. झोल्टान कोडाय (१८८२–१९६७) या हंगेरीच्या संगीतकाराच्या नावाने जी शिक्षणपद्धती जगभर चालते, तिचा आरंभ याच दोन स्वरांनी होतो. जे मूल गाणे म्हणत नाही ते हाक मारते. त्या हाकेतच त्याचे पहिले दोन स्वर असतात.

संगीत हे मोजक्यांसाठी असते, या समजुतीला आपल्याच मातीत फार पूर्वी उत्तर मिळाले आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवण्यात आले. त्याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहिल्याशिवाय जे मिळत नव्हते, ते त्यांनी वर्गात बसून, ठराविक पाठ्यक्रमाने शिकण्याची सोय केली. दृष्टीत उणेपणा आलेल्या माणसाने संगीताचे दार इतरांसाठी रुंद केले, ही गोष्ट आपण मुलांना अवश्य सांगावी.

आपल्या वस्त्यांतील गाणे तर असेच वाढले. शाहिराच्या फडात सर्वांनी पुढे उभे राहून गायचे नसते. एक शाहीर, एक ढोलकीवाला, एक तुणतुणे धरणारा, कुणाच्या हाती टाळ किंवा डफ, आणि मागे झीलकरी. झीलकऱ्याचे काम ओळीचा शेवट उचलून धरण्याचे. त्याला कुणी कमी समजत नाही, कारण झील पडली की गाणेच पडते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली, हे आपणांस ठाऊक आहेच. अक्षर यायला उशीर झाला म्हणून गाणे थांबून राहिले नाही. प्रत्येकाला झेपेल ते काम, आणि त्या सर्वांतून एक गाणे, ही फडाची रीत आपण प्राथमिक शाळेत का आणू नये?

आमच्या नोकरीतले एक उदाहरण देतो. बँकेत खातेदाराला सही करता येत नसेल तर आम्ही त्याला परत पाठवीत नाही. अंगठा घेतो. आजारपणाने वा अपंगत्वाने हाताचा अंगठाही उमटवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पैसे त्याचेच आणि व्यवहारही तोच. बदलते ती फक्त व्यवहाराची वाट. ती वाट शोधण्याची जबाबदारी खातेदारावर न टाकता बँकेने आपल्या शिरावर घेतली आहे. गाण्याच्या तासाचे सूत्र हेच आहे. मूल आहे तसेच राहील. वाट आपण बदलायची.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. दादऱ्यातले, म्हणजे सहा मात्रांचे, एखादे सोपे बालगीत घ्या. त्याला पाच पायऱ्या करा. पहिली पायरी अंगाची. पहिल्या मात्रेला मांडीवर थाप, चौथीला टाळी, बाकी मात्रा मनात. अजून गाणे नाही, नुसता झुला. स्वित्झर्लंडचे एमील झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी हाच विचार मांडला होता की लय आधी अंगात मुरावी, कागदावर मागून यावी. आपल्याकडे फुगडी, झिम्मा आणि लेझीम यांनी तेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले. दुसरी पायरी शब्दांची. चाल न लावता, त्याच झुल्यावर शब्द नुसते म्हणायचे. तिसरी पायरी झिलीची. शिक्षक ओळ गातात आणि मुले फक्त शेवटचा शब्द सुरात धरतात. चौथी पायरी वाद्याची. पाचवी पूर्ण गाण्याची.

पहिल्या पायरीवर सगळा वर्ग एकत्र असतो. पुढे जो तो आपल्याला जमेल तिथवर जातो, पण गाणे सुरू असताना पाचही पायऱ्या एकदम चालू असतात. कुणी थाप धरतो, कुणी शब्द बोलतो, कुणी झील देतो, कुणी घुंगरू हलवितो आणि काहीजण पूर्ण गातात. ऐकणाऱ्याला ते एकच गाणे ऐकू येते. ज्याने फक्त चौथ्या मात्रेची टाळी दिली, तोही त्या गाण्यात असतो.

वाद्यांच्या बाबतीत जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांची एक युक्ती फार उपयोगाची आहे. म्युनिकमध्ये १९२४ साली निघालेल्या गुंटर विद्यालयात आणि पुढे मुलांसाठी त्यांनी व गुनिल्ड केटमन यांनी जे काम केले, त्यात लाकडी व धातूच्या पट्ट्यांची वाद्ये होती. त्या पट्ट्या सुट्या करता येत. गाण्यात जे स्वर नकोत त्यांच्या पट्ट्या काढूनच ठेवायच्या. मग मुलाने कुठेही टोला मारला तरी चुकीचा स्वर निघत नाही. ही वाद्ये महाग असतात. पण आपल्याकडे जलतरंग आहे. सारख्या आकाराचे पाच चिनी मातीचे कप घ्या. पाणी वाढविले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. सा, रे, ग, प, ध एवढेच लावा. मध्यम आणि निषादाचे कप मांडूच नका. हे भूपाचे स्वर झाले. पेटीवर तर याहून सोपे आहे. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. काळी तीनला षड्ज धरला की काळ्या पाच पट्ट्यांत भूप तयारच असतो. ढोलकीचा ठेका चालू असताना मुलाने कोणतीही काळी पट्टी दाबली तरी कानाला खटकत नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, दोन आणि तीनच्या गटात असतात, त्यामुळे ज्याला दिसत नाही त्यालाही त्या बोटाने सापडतात. भात्याला दुसरे मूल बसवावे. दोघांत मिळून एक पेटी वाजते, आणि त्या दोघांची गट्टी जमते ती वेगळीच.

आता एकेका अडचणीविषयी थोडे बोलतो.

ज्याला ऐकू कमी येते त्याला गाण्याच्या तासाला काय काम, असे पालकच विचारतात. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी हिचा जन्म १९६५ चा. बाराव्या वर्षापर्यंत तिची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. तिच्या शाळेतील शिक्षकाने तिला खोलीच्या भिंतीवर हात टेकवून उभे राहायला सांगितले आणि आपण मोठा नगारा वाजविला. खालचे स्वर पायांत आणि वरचे स्वर मानेत, चेहऱ्यावर जाणवतात, हे ती शिकली. आज ती जगातील नामवंत वादकांत गणली जाते आणि पुष्कळदा अनवाणी वाजविते. आपल्या वर्गात भिंतीऐवजी लाकडी बाक आहे. बाकावर ढोलकी ठेवून वाजवा आणि मुलाला त्याच बाकावर बसवा. किंवा फुगवलेला फुगा त्याच्या दोन्ही हातांत, छातीशी धरायला द्या. थाप त्यात उतरते. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलांना स्वराचा चढ-उतार कळणे अवघड जाते, लय मात्र चांगली कळते. अशा मुलाला गाण्याआधी ठेका द्यावा. स्वर डोळ्यांना दिसावेत म्हणून हाताच्या खुणा वापराव्यात. इंग्लंडच्या जॉन कर्वेन (१८१६–१८८०) यांनी प्रत्येक स्वराला हाताची एक खूण ठरविली आणि कोडाय पद्धतीने ती उचलली. आपण साधेच करावे: सा कमरेशी, प छातीशी, वरचा सा डोक्यावर.

ज्याला दिसत नाही त्याला या खुणांचा उपयोग नाही. त्याच्या खांद्यावर हलकी थाप देऊन सुरुवात कळवावी. वाद्य वाजण्यापूर्वी त्याला ते हाताने पुरते चाचपू द्यावे. अंध मूल म्हणजे जात्याच गवई, असा एक समज आहे, तो सोडावा. इतरांप्रमाणे त्यालाही शिकावेच लागते. लुई ब्रेल (१८०९–१८५२) स्वतः ऑर्गन वाजवीत असत आणि १८२९ साली त्यांनी आपली लिपी प्रसिद्ध केली तीत संगीत लिहिण्याचीही सोय केली होती. हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

हाताची पकड कमी असेल तर घुंगरू मनगटाला बांधावे. टिपरीला कापड गुंडाळून ती जाड करावी. तुणतुणे खुर्चीच्या हाताला पक्के बांधले की एका बोटाने तार छेडता येते. पण इथे मुख्य गोष्ट वाद्याची नाही, वेगाची आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा हात आपल्या लयीत येत नसेल तर वर्गाने त्याच्या लयीत जावे. पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा इंग्रज विशेष शिक्षक, १९५९ साली दोघे एकत्र आले. अशा मुलांबरोबर काम करताना मूल जो आवाज करील, जी हालचाल करील, तिला धरून साथ करायची, अशी त्यांची रीत होती. साथ कशी करावी हे तबलजीला सांगावे लागत नाही. शिक्षकाने तेवढ्यापुरते तबलजी व्हावे.

ज्यांची समज सावकाश आहे त्यांच्यासाठी तासाचा क्रम कधी बदलू नये. नमस्काराचे गाणे, थाप, नवे गाणे, वाद्ये, निरोपाचे गाणे. या पाच गोष्टींची पाच चित्रे भिंतीवर लावावीत. एका वेळी एकच सूचना द्यावी. पुन्हा पुन्हा तेच घेताना आपल्याला कंटाळा येतो. मुलाला तो आलेला नसतो. आमच्या वर्गातील एक मुलगी चार महिने नुसती बसून होती. एका रविवारी झिलीचा शब्द तिने सर्वांबरोबर उचलला. तिच्या बोलण्यात त्याने फार फरक पडला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून झिलीची वेळ आली की सगळा वर्ग तिच्याकडे पाहतो आणि ती चुकत नाही. जे मूल अडखळत बोलते, ते गाताना पुष्कळदा अडखळत नाही; त्याला वर्गापुढे बोलायला लावण्याआधी गायला द्यावे. स्वमग्न मुलाला झांजेचा आवाज सोसत नसेल तर झांज बाजूला ठेवावी, त्याला दाराजवळची जागा द्यावी आणि उठून जायचे असेल तर जाऊ द्यावे. परत येण्याची मुभा असली की ते मूल परत येते.

आणि ज्याला चटकन येते त्याचे काय? सर्वांना शिकवायचे म्हणजे त्यालाही शिकवायचे. त्याला इतरांसाठी थांबवून ठेवले तर तोही कंटाळून बाहेर जाईल. तोच ठेका त्याला दुगणीत वाजवू द्या, तिहाई बांधायला सांगा, गाण्याला आरंभीची धून रचू द्या. मात्र त्याला दुसऱ्याचा गुरुजी करून टाकू नका. तो शिकायला आला आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, जागा कायमची करू नये. ज्याला जूनमध्ये घुंगरू दिले त्याच्या हाती मार्चमध्येही घुंगरूच असेल तर आपण त्याला शिकविले नाही, गुंतवून ठेवले. दुसरी, दया नको. अपंग मुलाला व्यासपीठावर उभे करून पाहुण्यांकडून टाळ्या मिळविणे हे त्या मुलाचे शिक्षण नव्हे. तिसरी, संगीताने आजार बरा होतो असे पालकांना सांगू नये. संगीतोपचार हे वेगळे शास्त्र आहे आणि त्याचे शिक्षण घेतलेली माणसे ते करतात. आपण गाणे शिकवितो, तेवढे नीट शिकवावे. चौथी, नोंद ठेवावी. आम्ही प्रत्येक मुलाला वहीत एक पान दिले आहे. बँकेत एकाच्या खात्यातील शिल्लक दुसऱ्याच्या खात्याशी ताडून पाहत नाहीत. त्याचीच मागची शिल्लक पाहतात. मुलाचीही तशीच पाहावी.

कुणी म्हणेल, अशाने कार्यक्रम रंगणार नाही. खरे आहे, पूर्वीसारखा रंगणार नाही. आठ निवडक मुलांचे गाणे पंधरा दिवसांत बसते. चाळीसांच्या गाण्याला दोन महिने लागतात. ही किंमत द्यावी लागेल. पण त्या आठांवर अन्याय होत नाही, कारण पूर्ण गाणे तेच गातात. त्यांच्यामागे आता बत्तीस जणांची साथ उभी असते.

कायद्याचेही थोडे पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारची अपंगत्वे धरली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात ती एकवीस झाली. शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे या कायद्याच्या सोळाव्या कलमात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीला तशी तरतूद नाही. म्हणजे ज्या वयात गळा आणि कान घडतात, त्या वयात गाणे शिकविण्याचा भार वर्गशिक्षकावरच पडतो. म्हणूनच आम्ही आज जे सांगितले ते संगीतशिक्षकाशिवाय करता येईल असेच सांगितले. थाप, टाळी, झील, पाच कप आणि एक ढोलकी. याला विशारद लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी पुष्कळजण डी. एड. करीत आहात, काही महाविद्यालयात आहात. रविवारचे दोन तास द्या. ज्याला ठेका धरता येतो त्याने ठेका शिकवावा, ज्याला नुसती मुले सांभाळता येतात त्याने ती सांभाळावीत. कार्यकारिणीस आमची विनंती एवढीच आहे की संस्थेच्या कपाटातील ढोलकी, पेटी आणि टाळ कार्यक्रमापुरते बाहेर न काढता आठवडाभर जवळच्या शाळांना आळीपाळीने द्यावेत. वाद्य वापराने झिजते, पण बंद ठेवले तर त्याचा भाता कुजतो आणि चामडे सैल पडते. शिक्षक बंधू-भगिनींना विनंती अशी की येत्या स्नेहसंमेलनात स्वागतगीताची निवडचाचणी घेऊ नका. हजेरीपटावर जेवढी नावे आहेत तेवढी सगळी त्या गाण्यात कुठे ना कुठे बसवा. कुणाला नुसते ओठ हलवायला सांगू नका.